मदत हवी आहे: जपानी घरीच शिकतोय, पण बोलण्याचा सराव कुणाबरोबर करू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पावसाळ्यापासून 'मिन्ना नो निहोन्गो' या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग घेऊन घरीच जपानी शिकतोय. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ठरलेल्या वेळेचा क्लास जमत नाही. शिकायची ओढ मात्र जुनी आहे. शॉपफ्लोअरवर फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचा, बोर्ड रोज समोर असतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. हे शब्द केव्हाच पाठ झाले होते, पण ज्या भाषेतून ते आले ती भाषा बोलता यावी असं मनापासून वाटतं.

हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिप्या, प्रत्येकी ४६ अक्षरं, चौकटीच्या वहीत गिरवून पक्की केली. नव्याने सुरू करणाऱ्यांनी यात घाई करू नये, कारण मुख्य पुस्तकातले धडे रोमन लिपीत नाहीत. भाषांतर आणि व्याकरणाच्या टिपांचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं. मराठी माणसाला वाक्यरचना परकी वाटत नाही: क्रियापद शेवटी येतं आणि 'ला', 'त', 'हून' यांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात.

आता अडचण सांगतो. पहिल्या भागात २५ धडे आहेत, त्यातल्या दहाव्यावर मी आहे. प्रत्येक धड्यात रेन्श्यू ए, बी आणि सी असे सराव असतात. ए आणि बी एकट्याने होतात, पण सी म्हणजे दोघांमधला छोटा संवाद. मी दोन्ही बाजू स्वतःच म्हणतो. ऑडिओ लावून मागोमाग बोलतो, त्याने कान तयार होतोय, पण माझं चुकलं तर सांगणारं कुणी नाही. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'बा' लांबवला की आजी. हा फरक ऐकताना लगेच कळतो, पण माझ्या तोंडून तो नीट येतो का, हे मला कसं कळणार?

दुसरं, 'नि' आणि 'दे' हे प्रत्यय. एकि नि हितो गा इमासु, म्हणजे स्टेशनवर माणूस आहे. एकि दे शिम्बुन ओ काइमासु, म्हणजे स्टेशनवर पेपर विकत घेतो. आपल्याकडे दोन्हीकडे 'वर'च. असण्याला 'नि' आणि क्रियेला 'दे', हा नियम लिहिताना बरोबर लागतो. बोलताना मात्र मनात आधी मराठी वाक्य येतं आणि तिथेच अडतं. ही सवय तुमची कशी मोडली? नुसत्या पाठांतराने की रोज कुणाशी तरी बोलून?

कांजीचंही, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांचंही, विचारायचं आहे. पुस्तकात कांजीच्या डोक्यावर फुरिगाना, म्हणजे तिचा उच्चार बारीक अक्षरांत, छापलेला असतो आणि नजर आपोआप तिकडेच जाते. कांजी आतापासून वेगळ्या वहीत सुरू करावी, की हा भाग संपल्यावर?

डिसेंबरच्या जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला, पुढे कधीतरी पुण्याला जाऊन बसेन, पण तिथे बोलण्याची परीक्षाच नसते. एन फाइव्ह या सगळ्यात सोप्या पातळीला १८० पैकी ८० गुण लागतात, त्यातही ऐकण्यात ६० पैकी किमान १९. म्हणजे पास झालो तरी माझं बोलणं कसं आहे ते कळायचं नाहीच.

म्हणून जाणकारांना विनंती: चौदाव्या धड्यात क्रियापदाचं 'ते' रूप येतं आणि पुढचं बरंच त्यावर उभं आहे असं दिसतंय. त्याआधी थांबून पहिले तेरा धडे पुन्हा बोलून काढावेत, की पुढे जात राहावं? आणि सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड या बाजूला कुणी हेच पुस्तक करत असेल तर कृपया कळवा. रविवारी सकाळी तासभर बसून रेन्श्यू सी करू. प्रत्यक्ष जमत नसेल तर फोनवरही चालेल, फक्त माझ्या चुका न संकोचता सांगा.