शॉक घ्यायला माणूस तयार का होतो
कोणीतरी विचारलंय की मानसिक आजारावर उपचार म्हणून डोक्याला विजेचा शॉक घ्यायला माणूस स्वतःहून तयार तरी कसा होतो. माझ्या मावशीचं सांगतो, आम्ही चोपड्याकडचे. दोन वर्षं गोळ्या बदलून झाल्या, शेवटी तर तिने जेवणच सोडलं, कळण्याची भाकरी न् ठेचा समोर ठेवला तरी ताटाकडे नुसती बघत बसायची, कापूस वेचायला निघालेल्या बाया हाका मारायच्या तर ओ पण नाही. डॉक्टरांनी शॉकचं काढल्यावर घरात सगळे घाबरले, पिक्चरमधलंच डोळ्यासमोर. तयार झाली ती स्वतःच. म्हणे याच्यापेक्षा वाईट काय होईल, आणि तुमचे हाल बघवत नाहीत मला. मला वाटतं बहुतेकांचं असंच होत असणार, दुसरं काही उरलेलंच नसतं.

आणि भूल देऊनच करतात हो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करायच्या औषधाशिवाय द्यायला बंदीच आहे. तिला आठ दिले, आठवड्यातून दोनदा. चौथ्यानंतर सकाळी उठून म्हणाली चहा टाका, आई तिथेच रडायला लागली. पण त्या महिन्यातला माझ्या बहिणीचा साखरपुडा तिला अजिबात आठवत नाही, फोटो बघून विचारते मी होते का तिथे. हे विसरण्याचं आम्हाला आधी कोणी नीट सांगायला हवं होतं.