उलट फिरवल्याचं कळतं कसं
डीजे लोक टर्नटेबलवर टाइमकोडची तबकडी फिरवून संगणकातलं गाणं पुढेमागे करतात. ती तबकडी उलटी फिरवली तर संगणकाला कळतं कसं, हा प्रश्न मला फार आवडला. टाइमकोडच्या तबकडीवर गाणं नसतंच, एक अखंड सूर असतो. सेराटो या डीजे सॉफ्टवेअर कंपनीच्या तबकडीवर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांना 1000 हर्ट्झचा. डाव्या-उजव्या चॅनलमधला सूर एकमेकांपासून पाव आवर्तन मागेपुढे असतो. पुढे कोणता, त्यावरून दिशा. सूर किती चढला-उतरला, त्यावरून वेग. सुई नेमकी कुठे आहे हे त्याच सुरात दडवलेल्या बिट्समधून.

हे करून बघायचं तर लिनक्सवर एक्सवॅक्स हे सॉफ्टवेअर घ्या, मोफत आहे. सिग्नल वाढवणारा फोनो प्री-अँप मात्र लावाच, सुई बसवलेल्या कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात. आणि टर्नटेबलच्या अर्थिंगची तार! ती सुटल्यामुळे माझं गाणं आठवडाभर थरथरत होतं, मी उगाच सॉफ्टवेअर तपासत बसलो.