१२३४५६७८९८७६५४३२१ ची कुंडली कशी मांडावी?

पाटी_खडू: नमस्कार. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला आठवीच्या मुलांना एकेक संख्या देऊन तिची कुंडली मांडायला सांगणार आहे. मूळ की संयुक्त, वर्गसंख्या आहे का, हर्षद (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी) आहे का वगैरे. फळ्यावर नमुन्याला ही सतरा अंकी संख्या घ्यावी म्हणते. साध्या कॅल्क्युलेटरवर ती मावत नाही. मुलांना हाताने कितपत जमेल?

निवृत्त_मास्तर: बाई, जवळजवळ सगळं जमेल. ही कापरेकरांच्या डेमलो संख्यांपैकी, म्हणजे नुसत्या १ अंकांच्या संख्येचा वर्ग. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. मुंबईजवळच्या डेमलो रेल्वे स्टेशनचं नाव त्यांनी या संख्यांना दिलं. एका शाळामास्तराचं नाव जगभर गणितात घेतलं जातं, हे मुलांना आधी सांगा.

मग चौकटीच्या वहीत १११११११११ चा वर्ग करायला लावा. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. बेरीज करताना फक्त उभ्या रकान्यातले एक मोजायचे. उजवीकडून १, २, ३ असे चढत मधल्या रकान्यात ९, पुढे तसेच उतरत १. कुठेही हातचा नाही! म्हणूनच उलट वाचली तरी तीच संख्या.

आता अवयव. १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ (८ गायब आहे बघा), आणि ती म्हणजे ३७ × ३३३६६७. ३३३६६७ मूळ आहे हे तुम्हीच सांगून टाका, नाहीतर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल. वर्ग केल्यावर आपल्या संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. प्रत्येक घातात एक मिळवून गुणलं की विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

हर्षद आहेच. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ म्हणजे तोच ३ चा चौथा घात, त्यामुळे भाग नि:शेष जातो. ही व्याख्यासुद्धा कापरेकरांचीच.

आकडेमोड: दहा एक घेऊन वर्ग केला तर १२३४५६७९००९८७६५४३२१ आला. डौल बिघडला की!

निवृत्त_मास्तर: मधल्या रकान्यात दहा एक जमले, हातचा आला. बाई, हा प्रश्न मुलांना घरी द्या, उत्तर सांगू नका.

पाटी_खडू: फार आभार सर. परिपूर्ण संख्येच्या रकान्यात काय लिहू?

निवृत्त_मास्तर: परिपूर्ण नाही, त्यासाठी स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकीच भरायला हवी. स्वतःला वगळून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते. आणि वेळ उरला तर तिला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणायला सांगा. ९९९९९९९९९ चा वर्ग येतो. का येतो, तेही मुलांनाच शोधू द्या.