पोक्सो खटल्यात मुलासोबत राहण्याचं काम: सुरुवात कुठून?

मेधा_पुणे
अमेरिकेत 'कासा' नावाचे स्वयंसेवक असतात, न्यायाधीश त्यांना एकेका मुलासाठी नेमतात. आपल्याकडे तसं काही आहे का? शिक्षण एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), वकिली नाही. आठवड्याला दोन दिवस देता येतील. नाव कुठे नोंदवायचं, काम नेमकं काय आणि कोर्टात आत सोडतात का? 'मुलांची आवड हवी' छाप उत्तरं नकोत, प्लीज.

सांगलीकर
हुबेहूब तसं पद नाही. कासा ही सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली पद्धत. तिथला स्वयंसेवक साधारण ३० तासांचं प्रशिक्षण घेतो आणि मुलाचं हित कशात आहे, घरी परतण्यात की दुसरीकडे, यावर स्वतःचं मत कोर्टाला लेखी देतो.

आपल्याकडे सगळ्यात जवळचं म्हणजे पोक्सोतली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यातली, 'सहाय्यक व्यक्ती'. सगळे सपोर्ट पर्सनच म्हणतात. तिला कोर्ट नेमत नाही, जिल्ह्याची बालकल्याण समिती नेमते, आणि दरमहा अहवालही समितीलाच द्यायचा, खटला संपेपर्यंत. पोक्सो नियम २०२० मधले नियम ४ आणि ५ छापून जवळ ठेवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनच्या प्रकरणात स्पष्ट केलं की सपोर्ट पर्सन देणं ही राज्याची जबाबदारी आहे, ऐच्छिक बाब नाही.

नाव नोंदवायचं जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात. सपोर्ट पर्सन, दुभाषे, विशेष शिक्षक यांची नोंदवही तिथे असते. एमएसडब्ल्यू चालतं. पदवी आणि अनुभवाची कागदपत्रं, पोलिसांचा चारित्र्य दाखला घेऊन जा. आणि अर्जात 'विनामूल्य सेवा' असं लिहून मोकळ्या होऊ नका. नियम ५ प्रमाणे मानधन आहे, कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही. भेटींची तारीखवार नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, बिल करताना तीच लागते.

काळा_कोट
कोर्टाच्या बाजूचं सांगतो. नेमणूक झाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. हे राहून गेलं तर फटका साक्षीच्या दिवशी बसतो. सुनावणी बंद दाराआड असते, शिपाई दारातच 'तुम्ही कोण?' विचारतो आणि मूल आत एकटं. म्हणून समितीच्या आदेशाची एक प्रत सरकारी वकिलांमार्फत फाईलला लावून घ्या, दुसरी पर्समध्ये.

केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर तपास अधिकाऱ्याकडून किंवा सरकारी वकिलांकडून मिळवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आपली आपल्याला दिसते. समन्स आदल्या संध्याकाळी पोचणं ही नेहमीचीच गोष्ट. जामीन अर्जावर विशेष लक्ष ठेवा. आरोपी सुटल्याचं कुटुंबाला तो गल्लीत दिसल्यावर कळतं, आणि साक्षीदार फितूर होण्याची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. अटक, जामीन, तारखा हे सगळं मुलाला, पालकांना आणि सपोर्ट पर्सनला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्यांनी कळवलं नाही तर तुम्ही लेखी विचारा.

बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, दहा-बारा केसेस असतात. पुकाऱ्याआधीच सरकारी वकिलांना सांगून मुलाची साक्ष पहिली घ्यायची विनंती करा. अकराला आणलेलं मूल चारपर्यंत बाकावर बसलं की उलटतपासात कुठल्याही प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळं होतं.

अनुराधा_नाशिक
वरचं सगळं बरोबर, पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पढवण्याने. चांगल्या मनाने केलेल्या पढवण्यानेसुद्धा. मुलाला घटना पुन्हा सांगायला लावायची नाही, जबाब वाचून दाखवायचा नाही, 'हे असं सांग' तर नाहीच. उलटतपासात पहिल्या पाचात प्रश्न येतो, 'ताईंनी काय शिकवलं?' जबाबाचा विषय सरकारी वकिलांचा.

शिकवायची ती तीन वाक्यं: 'प्रश्न कळला नाही', 'आठवत नाही', 'मला थांबायचंय'. पोक्सोच्या कलम ३३ प्रमाणे वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारायचे असतात आणि गरज वाटल्यास न्यायाधीश मुलाला मधे मधे विश्रांती देऊ शकतात. हे मुलाला आधी माहीत असलं की ते मागतं.

साक्षीच्या दोन-तीन दिवस आधी रिकामी कोर्टरूम दाखवून आणा. जज कुठे बसतात, आरोपी दिसू नये म्हणून लावायचा पडदा कुठे असेल, बाथरूम कुठे. आरोपीचे नातेवाईक बहुधा मुख्य दाराशी नाहीतर चहाच्या टपरीवर उभे असतात, तेव्हा दुसरी वाट हेरून ठेवा. डबा आणि पाणी घरून. 'त्याला शिक्षा होणारच' हे वाक्य तोंडातून काढू नका. निर्दोष सुटला तर मूल समजतं की आपणच खोटे ठरलो.

अहवालात 'मूल आनंदी आहे' असलं लिहू नका. 'या महिन्यात शाळेच्या २२ दिवसांपैकी ९ दिवस हजर. दिवा लावल्याशिवाय झोपत नाही' असं लिहा, म्हणजे समितीला समुपदेशन किंवा शाळाबदल यावर काही करता येतं. अन्न, कपडे, प्रवासाची निकड असेल तर नियम ८ खाली तातडीची मदत मागा, शिफारस पोचल्यापासून आठवड्यात द्यावी लागते. मनोधैर्यचा, म्हणजे पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या राज्याच्या योजनेचा, अर्ज वेगळा, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

मेधा_पुणे
आभार. एक शंका. मी विचारलं नाही, पण मुलानेच आपणहून नवीन काही सांगितलं तर? आणि मुलाचं आपल्याशी जुळलंच नाही तर?

काळा_कोट
ऐकून घ्या, उपप्रश्न नको. त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहा, वेळ घाला, समिती आणि तपास अधिकाऱ्याला कळवा. दुसऱ्याच कुणाचा गुन्हा कानावर आला तर कलम १९ खाली कळवणं तुम्हालाही सक्तीचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यामुळे 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीच द्यायचं नाही.

अनुराधा_नाशिक
जुळलं नाही तर मूल आणि पालक समितीला सांगून सपोर्ट पर्सन बदलून घेऊ शकतात, कारण द्यावं लागत नाही. हे पहिल्याच भेटीत तुम्ही स्वतः सांगा. आणि मोबाइलमध्ये मुलाचं नाव सेव्ह करू नका, केस नंबरने करा.