मदत हवी आहे : आंब्याची कोय लैंगिक की अलैंगिक?

नमस्कार मंडळी. दहावीतल्या भाचीला प्रजननाचा धडा शिकवताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की हापूसचं कलम म्हणजे अलैंगिक प्रजनन. काडी ज्या झाडाची, फळ हुबेहूब त्याचंच. कोय लावली तर मात्र परागण, फलन, दोन पालकांची गुणसूत्रं एकत्र, त्यामुळे फळ कसं निघेल याचा भरवसा नाही. आमच्या परसातला कोयीचा आंबा साक्षीला आहेच. आठ-नऊ वर्षं वाट पाहायला लावून निघाला आंबटढाण!

मग वाचलं, की दक्षिणेकडच्या वेल्लैकोलंबनसारख्या काही जाती बहुभ्रूणी असतात. एकाच कोयीतून अनेक रोपं, आणि त्यातली बहुतेक फलनाशिवाय, बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून आलेली. म्हणजे बी असूनही अलैंगिक? भाची विचारते, "मामा, मग पेपरात काय लिहू?"

अशा रोपांमधलं फलनातून आलेलं रोप नुसतं बघून ओळखता येतं का? आणि कलमाचा खुंट, म्हणजे काडी ज्यावर बांधतात तो खालचा मुळांचा भाग, तर कोयीचाच असतो. मग अख्खं झाड अलैंगिक म्हणायचं, की फक्त वरचा भाग? बागायतदार किंवा वनस्पतिशास्त्रवाले कोणी असाल तर जरा सोप्या भाषेत सांगा. परवा तिची चाचणी आहे.