कार विमा रिन्यू करायला कंपनीचा नकार, तातडीने मदत हवी आहे

पिंपळपान
कंपनीने माझ्या गाडीचा विमा रिन्यू करायला नकार दिलाय. ॲपवर ‘ही पॉलिसी नूतनीकरणास पात्र नाही’ एवढंच येतं. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणतात, सिस्टिमच घेत नाहीये. रविवारी रात्री मुदत संपते. गाडीवर कर्ज आहे, बँकेला चालू विमा लागतो. आजवर प्रीमियम कधी उशिरा भरला नाही, मग नाकारतातच कसे? त्यांना तसा अधिकार आहे का? आणि सोमवारी गाडी बाहेर काढायची की नाही? कृपया लवकर सांगा.

गिअरबदल
गाडी किती जुनी? क्लेम किती झाले? बाहेरून सीएनजी किट बसवलंय का? पूर्ण पॉलिसी नाकारली की फक्त झिरो डेप (झीज न कापता भरपाई देणारं जादा कव्हर) द्यायला नाही म्हणतात? एवढं कळल्याशिवाय सांगणार काय?

खारीवाटा
नाकारूच शकत नाहीत! आमच्या आईच्या विम्याच्या वेळी कंपनीने हेच केलं होतं. मी विमा नियामक आयआरडीएआयच्या १५५२५५ वर फोन करून तक्रार नोंदवली आणि त्यांना रिन्यू करून द्यावं लागलं. क्लेम घेतले म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, असा नियमच आहे. आजच्या आज त्यांच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका.

मुळाक्षर
@खारीवाटा, आईचा तो आरोग्य विमा असणार. तुम्ही सांगताय तो नियम आरोग्य विम्याचा आहे.

खारीवाटा
हो, आरोग्य विमाच. पण ग्राहक इतकी वर्षं पैसे भरतो आणि गरज पडली की कंपनी हात वर करते, हे दोन्हीकडे सारखंच ना?

मुळाक्षर
चीड बरोबर आहे, पण नियम सारखा नाही. गाडीच्या विम्यात दोन भाग असतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडी, हा एका वर्षाचा करार. दरवर्षी तो नव्याने होतो आणि तो करायचा की नाही हे कंपनी ठरवू शकते. दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा. तो मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. विमा कायद्याच्या कलम ३२-डी प्रमाणे थर्ड पार्टीचा ठरावीक वाटा कंपन्यांना उचलावाच लागतो. त्यामुळे यांचं नक्की काय नाकारलं ते आधी कळायला हवं.

पिंपळपान
गाडी दोन वर्षांपूर्वी नवी कोरी घेतली. सीएनजी वगैरे काही नाही. सरलेल्या वर्षात दोन क्लेम झाले. एकदा इंजिनात पाणी गेलं, एकदा सिग्नलला उभा असताना मागून ट्रकने ठोकलं. दुसऱ्यात माझी काडीची चूक नव्हती. पण माझा मुद्दा क्लेमचा नाहीच, कारण न सांगता नाकारलं हा आहे.

जुनाजाणता
म्हणून मी सगळ्यांना सांगतो, विमा ॲपवरून घेऊ नका. एजंट धरा. माझा एजंट मुदत संपायच्या महिनाभर आधी स्वतः फोन करतो, क्लेमच्या वेळी सर्व्हेअरशी तोच बोलतो. सरकारी कंपनीच्या शाखेत जाऊन समोर बसलं की काम होतं.

दीपमाळ
एजंटचा अनुभव माझाही आहे. माझा क्लेम झालेला असताना त्याने फॉर्मवर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, लावून टाकला. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे चौकशी केली आणि पुढच्या क्लेमच्या वेळी बोट ठेवलं. स्वतः भरलं तर निदान आपण काय लिहिलंय ते आपल्याला माहीत असतं.

जुनाजाणता
एक एजंट वाईट निघाला म्हणून सगळे वाईट होत नाहीत. अडचणीत ॲप धावून येत नाही, माणूस येतो.

गिअरबदल
एजंट की ॲप यासाठी वेगळा धागा काढा, इथे माणसाची मुदत संपत आलीय.

@पिंपळपान, चूक कोणाची यावर क्लेम मोजत नाहीत. तुमच्या पॉलिसीतून पैसे गेले की तो तुमच्या नावावर लागतो. एका वर्षात दोन म्हटल्यावर काही कंपन्या लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावतात, काही सरळ नाही म्हणतात.

आता महत्त्वाचं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी ३ वर्षांची एकदमच घ्यावी लागते. गाडी दोन वर्षांची असेल तर तुमची थर्ड पार्टी अजून चालू असली पाहिजे आणि रविवारी संपतेय ती फक्त ओडी. गाडी घेतानाची पहिली पॉलिसी काढा, त्यावर दोन वेगळ्या तारखा दिसतील.

पिंपळपान
बघितलं. थर्ड पार्टी पुढच्या वर्षापर्यंत आहे! हे कस्टमर केअरने एका शब्दानेही सांगितलं नाही. म्हणजे सोमवारी गाडी चालवली तर दंड नाही?

मुळाक्षर
विनाविमा वाहनाचा २,००० रुपये दंड असतो, तो तुम्हाला लागू नाही. पण ओडी नसताना गाडी चोरीला गेली किंवा ठोकली गेली तर तुमच्या विम्यातून हाती काही येणार नाही, आणि बँकेची अटही मोडेल. फक्त ओडी दुसऱ्या कंपनीकडून घेता येते. थर्ड पार्टी आहे त्या कंपनीकडेच राहू द्या.

रविवारच्या आत घ्या. मुदत उलटली की नवी कंपनी सहसा आधी गाडीची तपासणी मागते आणि त्यात वेळ जातो. फॉर्मवर दोन्ही क्लेम लिहा, एनसीबी शून्य टाका.

रानवारा
एनसीबीवरून आठवलं. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम नसेल तर २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत जातो. गाडी विकताना जुन्या कंपनीकडून एनसीबी सर्टिफिकेट घेऊन ठेवलं तर ३ वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो. बरेच जण हे विसरतात आणि नुकसान करून घेतात.

पिंपळपान
@रानवारा, धन्यवाद, पण मी गाडी विकत नाहीये.

खारीवाटा
तरीही तक्रार कराच. सगळे असेच गप्प बसले तर कंपन्यांना कोण विचारणार?

मुळाक्षर
तक्रार करायला माझी ना नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा आणि नकाराचं कारण लेखी मागा. मग बिमा भरोसा. फक्त त्या उत्तराची वाट बघत ओडी घ्यायची थांबू नका.

पिंपळपान
अपडेट: ओडी मिळाली, दुसऱ्या कंपनीकडून. आधी दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्यांनी घेतलं. थर्ड पार्टीच्या पॉलिसीचा नंबर आणि मुदत विचारली. दोन्ही क्लेम लिहिले. प्रीमियम बराच वाढला, पण रविवारच्या आत काम झालं. जुन्या कंपनीला कारण विचारणारा मेल टाकलाय आणि उत्तर येईपर्यंत मी तो विषय सोडणार नाही. गिअरबदल, मुळाक्षर, मनापासून आभार.

गिअरबदल
छान झालं. नव्या पॉलिसीत हायपोथिकेशनच्या (गाडी कर्जासाठी तारण असल्याच्या) रकान्यात बँकेचं नाव आलंय का?

पिंपळपान
नाही, तो रकाना कोराच आहे.

गिअरबदल
मग बँकेला प्रत पाठवायच्या आधी कंपनीकडून एन्डॉर्समेंट (पॉलिसीतली दुरुस्ती) करून घ्या. आरसी आणि कर्जमंजुरीचं पत्र जोडून मेल करा.