शब्दचर्चा : विडंबन की विटंबना? (पाचशे पत्रकं छापून झाल्यावर पडलेला प्रश्न)

गंगावेसकर

गणपतीला अजून दीड महिना आहे, पण आमच्या कोल्हापुरात, पेठेतल्या तालीम मंडळात आत्ताच भांडण पेटलंय, तेही एका अक्षरावरून. यंदा सजीव देखाव्याच्या जोडीला पोरांनी मोबाईलवरच्या व्हिडिओंची स्पर्धा काढली. दोन मिनिटांचा व्हिडिओ, विषय मोकळा. खड्डे, रखडलेली हद्दवाढ, निवडणुकीतली जेवणं, काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन. (पाणी यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, त्यामुळं 'थेट' या शब्दावरच आमच्याकडं दहा विनोद तयार आहेत.) पत्रक छापून आलं. वर ठळक अक्षरांत : 'सामाजिक व राजकीय विटंबनात्मक व्हिडिओ स्पर्धा'.

सकाळी दूध कट्ट्यावर ते आमच्या मास्तरांच्या हातात पडलं. हातातला धारोष्ण दुधाचा ग्लास तसाच राहिला. "अरे, कुणाची विटंबना करताय? गाव बंद पाडायचं आहे काय?" पोरं म्हणतात, 'ड'च्या जागी 'ट' पडला, त्यात एवढं काय. छापणारा म्हणतो, तुम्ही पाठवलं तसं छापलं.

तर विडंबन आणि विटंबना हे मुळात एकच की वेगळे? आणि राजकारणावर, समाजावर हसवणारे हे जे व्हिडिओ निघतात त्यांना मराठीत नेमकं म्हणायचं काय? पोरं 'रोस्ट' म्हणतात, एकानं 'राजकीय व्यंग' सुचवलंय. लवकर सांगा, परत छापायचं आहे.

निवृत्त मास्तर

मीच तो. दूध नंतर प्यालो, काळजी नसावी.

दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृतात 'विडम्ब्' धातू आहे. त्याचा एक अर्थ नक्कल करणं, दुसरा थट्टा करणं, हिणवणं. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू रघुराजाची नक्कल करतो. पांढरं कमळ हे त्याचं छत्र, फुललेलं काशाचं गवत ही चवरी. कालिदास तिथं 'विडम्बयामास' म्हणतो आणि लगेच जोडतो की सोंग तर घेतलं, पण त्याची शोभा काही ऋतूला आली नाही. आज नेत्याचं जाकीट घालून, त्याच्यासारखी मान हलवून व्हिडिओ काढणाऱ्या पोराला हीच ओळ लागू पडते.

मराठीत या घराच्या वाटण्या झाल्या. 'विडंबन' हा धाकटा भाऊ शिकला-सवरला, साहित्यात गेला. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं केलेल्या विडंबन कवितांनंतर त्याला चांगलीच प्रतिष्ठा आली. 'विटंबना' मात्र पोलीस ठाण्याच्या पायरीवरच राहिली. वर्तमानपत्र काढून बघा : पुतळ्याची विटंबना, ध्वजाची विटंबना, मृतदेहाची विटंबना. या शब्दाच्या मागोमाग मोर्चा येतो. म्हणून मी ओरडलो.

राजारामपुरीची

मास्तर, वाटण्या झाल्या हे खरं, पण बांध कुणी घातला? व्हिडिओ तोच असतो. बघणारा हसला तर विडंबन, ज्याच्यावर काढलाय त्याच्या पोरांनी बघितला तर विटंबना. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला एका विनोदी कार्यक्रमातल्या गाण्यावरून स्टुडिओ फोडला. गाणं लोकांना ठाऊक असलेल्या चालीवर, शब्द नवे, म्हणजे व्याख्येप्रमाणं चोख विडंबनच. फोडणाऱ्यांना व्याख्या कुणी विचारली? मी तर म्हणतो, पत्रकात छापलंय तेच बरोबर आहे. निदान प्रामाणिक आहे.

सदाशिवकर

राजारामपुरीकर साहेब, आपला मुद्दा रंजक आहे, परंतु शब्दाचा अर्थ दुखावलेल्या माणसाच्या सोयीनं ठरत नाही. विडंबनात मूळ कृती डोळ्यांसमोर असावी लागते आणि तिच्या शैलीची नक्कल असावी लागते. नुसती टीका म्हणजे विडंबन नव्हे, नुसती शिवी तर नव्हेच. या कसोटीवर आजचे निम्मे व्हिडिओ विडंबन ठरणारच नाहीत, कारण त्यांत कुणाचीच नक्कल नसते. कॅमेऱ्याकडे बघून केलेली बडबड असते.

राजारामपुरीची

साहेब नाही, बाई आहे. 'मी म्हणतो', 'मी जातो' हे आमच्याकडं बायका सर्रास बोलतात. माझी आजीही बोलायची. एवढ्यावरून मला पुरुष केलंत, ही विडंबना म्हणायची की विटंबना?

सदाशिवकर

क्षमस्व, ताई. आणि आपण वापरलेला 'विडंबना' हा तिसराच शब्द आहे. हिंदीत 'यह कैसी विडंबना है' म्हणतात तेव्हा त्यात हसू नसतं. दैवाचा उलटा फेरा असतो. हल्ली हिंदी बातम्या ऐकून मराठीतही 'केवढी ही विडंबना' असं लिहिलं जातं. 'दैवदुर्विलास' हा शब्द आहे, पण तो दोन मिनिटांच्या व्हिडिओत मावत नाही.

'राजकीय व्यंग' मात्र कृपया नको. तीही हिंदीची उसनवारी. हिंदीत 'व्यंग्य' म्हणजे उपरोधिक लेखन. तो शब्द व्यंजनेतून आलेला, म्हणजे जो अर्थ सरळ न सांगता सुचवला तो व्यंग्यार्थ. मराठीत 'व्यंग' म्हणजे शरीरातलं वैगुण्य. ते वि आणि अंग यांतून आलं. एका 'य'नं फरक पडतो.

गंगावेसकर

मग व्यंगचित्राचं काय? ते काय अपंग चित्र आहे?

सदाशिवकर

तिथं पंचाईत आहे खरी. काही जण आग्रहानं 'व्यंग्यचित्र' लिहितात. पण व्यंगचित्रकार माणसाचं नाक मोठं करतो, पोट फुगवतो, म्हणजे वैगुण्यच वाढवून दाखवतो, असा बचाव करता येतो. रूढ झालेल्या शब्दाशी भांडू नये. मात्र 'राजकीय व्यंग' अजून रूढ झालेला नाही, तेव्हा त्याला दारातच अडवावं.

बिनपाण्याचा

'रोस्ट'वर एवढं डोकं कशाला? आपल्याकडं सलूनात जन्मलेला शब्द हाय. बिनपाण्यानं करणे. पाणी न लावता दाढी करायची, समोरचा हालला तर आणखी कापणार. चार माणसांत, हसत हसत, त्याला खुर्चीत बसवून. रोस्ट म्हणजे दुसरं काय असतंय? 'त्या आमदाराची आज बिनपाण्यानं केली' असं म्हटलं की कुणाला सांगावं लागत न्हाई. आणि ज्याची होते तो बी पैसे देऊन उठतो.

निवृत्त मास्तर

हा फार चांगला आहे. 'भाजणे' या भाषांतरापेक्षा कितीतरी. फक्त 'खरडपट्टी' याच्याशी गल्लत करू नका. खरडपट्टी वरचा खालच्याची काढतो, साहेब कारकुनाची. बिनपाण्यानं खालचा वरच्याची करू शकतो.

आता 'उपहास' आणि 'उपरोध'. उपहासात आपण हसतोय हे समोरच्याला कळतं. उपरोधात तोंडावर स्तुती असते. 'रस्ता इतका सुंदर केलाय की गाडीला झोपाळा लावायची गरज नाही' हा उपरोध. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, वेढा. अर्थ कुठून कुठं आला बघा. तरी मला वाटतं तो अगदीच सुटलेला नाही. नेमका उपरोध ऐकला की समोरच्याला उत्तर सुचत नाही, वाट अडते.

शालजोडीतले मारणे हेही त्यातलंच. वरून उंची शाल, आत जोडा.

बिनपाण्याचा

मास्तर, शालजोडी पुण्याला. आमच्याकडं पायताण शालीत गुंडाळत न्हाईत, सरळ हातात घेतात. आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत ते कोल्हापूरचं नाव न घेता चालवलं तेव्हा इथल्या पोरांनी जे व्हिडिओ काढले, त्यांत शालही नव्हती आन् उपरोधही नव्हता. पायताणाला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालंय ह्ये त्या पोरांनी दोन मिनिटांत जगाला सांगितलं. त्याला काय म्हणायचं ह्ये मला बी माहीत न्हाई, पर हसून पोट दुखलं.

गंगावेसकर

माझी अडचण आणखी वेगळी आहे. आत्तापर्यंत स्पर्धेला आलेल्या अकरा व्हिडिओंपैकी तिघांनी स्वतः काहीच केलेलं नाही. नेत्याचं खरं भाषण घेतलं आणि मागं संगीत टाकलं. झालं विनोदी. जून २०२२ ला सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीतून फोनवर 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' म्हणाले, ते महाराष्ट्रभर गाजलं. तिथं नक्कल करायला मूळ बाजूला ठेवावं लागलं नाही, मूळच पुरलं. याला विडंबन म्हणायचं का?

सदाशिवकर

नाही. त्यात दुसरी कृतीच नाही. फार तर 'अवतरण' म्हणा. कात्री लावलेलं.

राजारामपुरीची

पण त्यानं भाषेला दिलं बघा. 'ओक्केमधी' आमच्या घरात अजून चालतंय. भाजी कशी झाली, ओक्केमधी. त्याच वर्षी विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओक्के' ही घोषणा दिली आणि 'खोका' म्हणजे एक कोटी हे माझ्या सासूबाईंनाही कळलं. मुंबईच्या टोळीवाल्यांच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, ते गुन्ह्याच्या बातम्यांतून उठून थेट स्वयंपाकघरात आलं. आता किराणावाल्याकडं रिकामं खोकं मागितलं तरी तो हसतो.

आपल्या गावचं म्हणाल तर २०१९ च्या लोकसभेचं 'आमचं ठरलंय'. दोनच शब्द. काय ठरलंय, कुणाशी, ते सांगायचं नाही, तरी सगळ्यांना कळायचं. मास्तर, तुमचा तो व्यंग्यार्थ का काय, तो हाच न्हवं? मी ते नंतर रिक्षाच्या पाठीवरही वाचलंय.

निवृत्त मास्तर

हाच. वर्गात तीस वर्षं व्यंजना शिकवली, हे उदाहरण तेव्हा असतं तर फळा वाचला असता.

एकट्यानं दोन्ही भूमिका करायच्या व्हिडिओबद्दल कुणी बोललं नाही. टोपी घातली की नगरसेवक, काढली की मतदार. याला फार जुनं नाव आहे : 'भाण'. नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, एक. रंगमंचावर एकच नट. तो न दिसणाऱ्या माणसाशी बोलतो, 'काय म्हणतोस?' असं विचारून त्याचं उत्तर स्वतःच उच्चारतो. या युक्तीला 'आकाशभाषित' म्हणत. त्याच दहांत 'प्रहसन'ही आहे, ढोंगी साधू आणि लबाड माणसांची टर उडवणारं. टीव्हीवाल्यांनी 'स्किट'ला हा शब्द पुन्हा वापरात आणला, त्याबद्दल मी त्यांचे बाकीचे अपराध माफ करतो.

आणि दोघांनी मिळून ताज्या घडामोडींवर टोमणे मारायचे असतील तर तमाशातली 'बतावणी' आहेच. गण, गवळण झाली की बतावणी, मग वग. गावात काल काय झालं ते आज बतावणीत यायचं.

बिनपाण्याचा

भाण नको मास्तर. पोरं 'भान' वाचतील आन् प्रबोधनाचे व्हिडिओ पाठवतील. झाडे लावा.

सदाशिवकर

एक निरीक्षण मांडतो. करमणुकीचे जवळपास सगळे शब्द राजकारणानं पळवलेले दिसतात. एकोणिसाव्या शतकात 'फार्स' म्हणजे नाटकाच्या शेवटी होणारा हसवणारा प्रवेश. आज म्हणजे 'चौकशीचा फार्स'. 'सभागृहात तमाशा', 'आंदोलनाची नौटंकी', 'पक्षांतराची सर्कस', 'उपोषणाचं नाटक'. मग विनोद करणाऱ्यांना स्वतःच्या धंद्यासाठी शब्द उरणार कुठून? ते बिचारे 'कंटेंट' म्हणतात.

राजारामपुरीची

'नक्कल' राहिलाय की. आणि तो दोन्हीकडं चालतोय. फेरफाराची नक्कल काढायला फी भरून, अर्ज करून आठ दिवस थांबावं लागतं. पोरं त्याच साहेबांची नक्कल फुकटात, जागेवर काढतात.

माझी एक तक्रार लिहून ठेवा. बाहेरचे लोक व्हिडिओत कोल्हापूरकर दाखवतात तेव्हा दर वाक्याला 'नाद खुळा', 'लई भारी' आणि एक शिवी. आम्ही असं बोलत नाही. शिवी असते, पण ती प्रेमाची की रागाची हे 'रं' किती लांबवला त्यावर ठरतं. ते त्यांना जमत नाही. कालिदासाचं ते काय होतं मास्तर? सोंग घेतलं पण शोभा आली नाही. तसं.

गंगावेसकर

एवढं सगळं तालमीत वाचून दाखवलं. पोरांना 'बिनपाण्याची स्पर्धा' आवडलं, पण म्हातारी मंडळी म्हणाली, लोकांना पाणीटंचाईवर वाटेल. 'प्रहसन' लिहिलं तर कुणी येणार नाही. शेवटी इथं जो शब्द दिवसातून शंभर वेळा वापरतात तोच पुढं आला : चेष्टा. 'चेष्टा करतोयस काय?' हे आमच्याकडं आश्चर्य आहे, धमकी आहे, आणि कधी कधी नमस्कारही आहे.

निवृत्त मास्तर

चेष्टा संस्कृतात नुसती हालचाल, हावभाव. हिंदीत प्रयत्न. मराठीतच ती थट्टा झाली. चालेल. फक्त 'कु' लागू देऊ नका. कुचेष्टा झाली की परत दुधाचा ग्लास खाली ठेवावा लागेल.

गंगावेसकर

नवीन पत्रक असं ठरलं : 'चेष्टा २०२५, चालू राजकारण व समाज यांवरील विनोदी व्हिडिओ स्पर्धा'. पहिल्या बक्षिसाची रक्कम देणाऱ्या माजी नगरसेवकांना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "कुणाची चेष्टा?" नावं बघून आकडा सांगतो म्हणाले. व्हिडिओ क्रमांक चार त्यांच्यावरच आहे, ते आम्ही अजून सांगितलेलं नाही.

सदाशिवकर

एक शंका. 'चालू राजकारण' ऐवजी 'सद्य राजकारण' किंवा 'समकालीन' असावं. 'चालू'चा दुसरा अर्थ कोल्हापुरात काय होतो, ते मी सांगायला नको.

बिनपाण्याचा

म्हणूनच राहू दे. दोन्ही अर्थानं बसतंय.